घरच्यांच्या नकळत नमाज: नव्याने इस्लाम स्वीकारलेल्यांसाठी

शहादा (इस्लाम स्वीकारल्याची साक्ष) पढून झाली आहे, पण घरी सांगितलेलं नाही आणि इतक्यात सांगता येईल असंही दिसत नाही. दिवसातून पाच वेळची नमाज मात्र फर्ज (बंधनकारक) झाली आहे. अशा अवस्थेत असलेल्यांसाठी हे लिहिलं आहे.

लपून इबादत (उपासना) करणं म्हणजे ढोंग किंवा कच्चा ईमान (श्रद्धा), ही भीती आधी मनातून काढून टाका. मक्केतल्या सुरुवातीच्या काळात मुसलमान पैगंबरांचे साथीदार अरकम यांच्या घरात गुपचूप जमत आणि डोंगरांमधल्या घळींत जाऊन नमाज पढत. फिरऔनच्या (इजिप्तच्या राजाच्या) घराण्यातल्या, आपला ईमान लपवून ठेवणाऱ्या माणसाचा कुरआनने सन्मानाने उल्लेख केला आहे (40:28). जबरदस्तीखाली तोंडून काही वदवून घेतलं गेलं, पण मन ईमानावर स्थिर राहिलं, तर त्या माणसावर दोष नाही, हेही कुरआनात आहे (16:106). जीव, अंग किंवा डोक्यावरचं छप्पर धोक्यात येत असेल तर लपवणं योग्यच आहे.

आधी फर्ज, बाकीचं नंतर

नवीन माणूस पुस्तकातल्या सुन्नत, नफ्ल, वित्र (फर्जाव्यतिरिक्तच्या नमाजा), लांबलचक दुआ असं सगळं एकदम करायला जातो. प्रत्येक नमाजेला वीस-पंचवीस मिनिटं लागू लागतात, कोणाच्या तरी ते लक्षात येतं आणि महिन्याभरात सगळंच सुटतं. दिवसाचे फर्ज फक्त 17 रकात (नमाजेचे फेरे) आहेत: फजर 2, जुहर 4, असर 4, मगरिब 3, इशा 4. शांतपणे पढलं तरी दोन रकातींना तीन-चार मिनिटं आणि चार रकातींना सहा-सात मिनिटं लागतात. आधी हे 17 रकात पक्के करा. त्यानंतर जमेल तेव्हा फजरआधीच्या दोन सुन्नत आणि इशानंतरचं वित्र जोडा. हनफी मतात (हनफी, मालिकी, शाफिई, हंबली हे सुन्नी कायद्याचे चार मजहब, म्हणजे विचारधारा) वित्र वाजिब, म्हणजे जवळपास फर्जाइतकं बंधनकारक आहे, म्हणून ते फार दिवस लांबणीवर टाकू नका.

वेळ वाचवण्यासाठी घाई मात्र करू नका. रुकू (कमरेत वाकणं) आणि सजद्यात (कपाळ जमिनीला टेकवणं) अंग स्थिर न करता, चोच मारल्यासारखी नमाज पढणाऱ्या माणसाला पैगंबरांनी (सल्ल.) "परत जा आणि नमाज पढ, तुझी नमाज झालीच नाही" असं सांगितलं होतं. सूरह (कुरआनचा अध्याय) छोटी घ्या, तस्बीह (रुकू-सजद्यातली अल्लाहची स्तुती) तीनऐवजी एकदा म्हणा, पण प्रत्येक स्थितीत सांधे जागेवर येईपर्यंत थांबा.

वेळा: अॅप नसलं तरी चालतं

अॅप सोयीचं असतं, पण पकडलं जाण्याचं सर्वांत नेहमीचं कारणही तेच आहे. घरच्यांशी जोडलेल्या खात्यावरून ते उतरवलं तर दुसऱ्या फोनवर त्याचं नाव दिसू शकतं. अजानची सूचना बंद करायची राहते आणि ऐन जेवणाच्या पानावर फोन अजान देऊ लागतो. एकदा अॅप किंवा वेबसाइटवरून महिन्याच्या वेळा पाहून घ्या, फोनच्या साध्या कॅलेंडरमध्ये "औषध", "पाणी" अशा नावांनी नोंदवा आणि ब्राउझरचा इतिहास पुसून टाका. गजर फक्त थरथरणारा ठेवा. मनगटावरचं थरथरणारं घड्याळ असेल तर फजरसाठी त्याहून चांगलं काही नाही. उशीखालच्या फोनचा आवाज शेजारी झोपलेल्यालाही ऐकू जातो.

अॅप अजिबात नको असेल तर सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा पुरतात, त्या कोणत्याही वर्तमानपत्रात मिळतात. सूर्योदय 6:20 आणि सूर्यास्त 6:40 असेल तर दोन्हींचा मध्य 12:30. त्यानंतर पाचेक मिनिटं सोडली की जुहर सुरू. सूर्य मावळला की मगरिब. फजर पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत असते. पहाट सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर असताना धरायची यात पद्धती वेगवेगळ्या आहेत, कोणी 18 अंश धरतं, कोणी 15. सूर्योदयाआधी अर्धा-पाऊण तास हा काळ मात्र सगळ्यांच्या हिशेबात फजरमध्येच येतो. इशाची वेळ संधिप्रकाश पूर्ण मावळल्यावर सुरू होते. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत सूर्यास्तानंतर दीड तास सोडला की निश्चिंत राहता येतं. उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात हा अंदाज चुकतो, तिथे वेळापत्रकच पाहावं.

असरसाठी सावली मोजावी लागते. 30 सेंटिमीटरची पट्टी उन्हात उभी धरा. ऐन मध्यान्हीची सावली 8 सेंटिमीटर असेल, तर सावली 38 सेंटिमीटर झाल्यावर बहुतेक इमामांच्या मते असर सुरू होते. हनफी मताप्रमाणे ती 68 सेंटिमीटर व्हावी लागते. हे एकदा करून पाहा आणि ती वेळ लिहून ठेवा, पुढचे आठ-दहा दिवस तीच कामाला येते. सूर्य उगवत असताना, डोक्यावर असताना आणि मावळत असताना नमाज पढू नये. एक अपवाद आहे: त्या दिवसाची असर राहिली असेल तर सूर्य मावळता असला तरी पढून टाका.

दिवस कसा बसवायचा

सगळ्यांत जास्त उपयोगी पडणारी युक्ती ही: जुहर तिच्या वेळेच्या अगदी शेवटी आणि असर तिच्या सुरुवातीला पढायची. दोन्ही आपापल्या वेळेतच होतात, म्हणून कोणत्याही मजहबची हरकत येत नाही, आणि एका वुजूत (नमाजेआधीचं हात, चेहरा, पाय धुणं), एकदा दार लावून काम होतं. मगरिब आणि इशाचंही असंच. संधिप्रकाश संपायच्या पंधरा मिनिटं आधी मगरिब, मग थोडा वेळ पुस्तक घेऊन बसा, आणि वेळ लागली की इशा.

हेही जमत नसेल तर जुहर-असर किंवा मगरिब-इशा एकाच वेळेत एकत्र पढण्याची सवलत आहे. हनफी मतात ती फक्त हजच्या वेळी अरफात आणि मुजदलिफा इथे आहे. इतर मजहब प्रवासात ती देतात, आणि हंबली मतात भीती किंवा खरी अडचण असेल तर घरीही चालते. पैगंबरांनी (सल्ल.) मदीनेत भीती किंवा पाऊस नसतानाही नमाजा एकत्र पढल्या, आपल्या उम्मतला (अनुयायांना) अडचण होऊ नये म्हणून, असं पैगंबरांचे चुलत भाऊ इब्न अब्बास (रजि.) यांनी सांगितलं आहे. ती रोजची सवय करू नका, पण घरात पाहुणे भरलेले असतील त्या दिवशी नमाज कजा होण्यापेक्षा (वेळ टळून नंतर भरून काढावी लागण्यापेक्षा) ही वाट कितीतरी चांगली.

पाचांतली कठीण मगरिबच. तिचा काळ छोटा, बहुतेक ठिकाणी सव्वा ते दीड तास, आणि नेमके तेव्हाच सगळे घरी. कपडे बदलणं, आंघोळ, फेरफटका, गच्चीवर जाणं यांपैकी एखादी सवय त्या वेळेला आधीपासून लावून ठेवा. दार कधीच न लावणाऱ्या माणसाने अचानक रोज पाच वेळा दार लावलं तर संशय येणारच. नमाजेआधी आठवडाभर नुसतं दार लावायची सवय करा. घरच्यांच्या नजरेला तिची सवय झाली की मग पढायला लागा.

वुजू

फर्ज चारच गोष्टी: चेहरा धुणं, कोपरांसकट हात धुणं, डोक्यावर ओला हात फिरवणं, घोट्यांसकट पाय धुणं. मनगटांपर्यंत हात धुणं, चूळ, नाकात पाणी आणि प्रत्येक अवयव तीनदा धुणं या बहुतेकांच्या मते सुन्नत आहेत. हंबली मतात चूळ आणि नाकही फर्जात येतात, म्हणून त्या दोन गोष्टी सोडू नका. पैगंबर (सल्ल.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे पाऊण लिटरहून कमी पाण्यात वुजू करत. नळ बोटभर सोडला तरी पुरतो आणि आवाजही होत नाही.

फसगत होते ती पायांवर. बेसिनमध्ये पाय उचलताना पाणी सांडतं, आणि अवेळी ओले पाय कोणाच्या तरी नजरेत भरतात. पाय न्हाणीघरातच मगने धुवा आणि टॉवेलने पूर्ण पुसून बाहेर या. चेहरा आणि हात ओले दिसले तर त्यात विशेष काही वाटत नाही. याहून सोपं म्हणजे सकाळी पूर्ण वुजू करून चामडी मोजे चढवावेत. त्यानंतर 24 तास पाय धुण्याऐवजी मोज्यांच्या वरच्या बाजूवर हाताची ओली बोटं पायाच्या बोटांकडून नडगीकडे एकदा ओढली की झालं. ही मुदत मोजे घातल्यानंतर पहिल्यांदा वुजू तुटला तिथपासून मोजतात, आणि मोजे काढले की मसह (ओला हात फिरवण्याची ही मुभा) संपतो. जाड, घोट्यावर नीट बसणाऱ्या कापडी मोज्यांवर मसह करायला हंबली मतात परवानगी आहे, पातळ मोज्यांवर बहुतेक फकीह (इस्लामी कायद्याचे जाणकार) ती देत नाहीत.

वुजू तुटतो तो शौच, लघवी, वारा सरणं आणि गाढ झोप यांनी. हनफी मतात वाहतं रक्तही त्यात आहे. नेलपॉलिश, डिंक, सुकलेला रंग यांच्याखाली पाणी पोचत नाही, तिथे वुजू होत नाही. मेंदी किंवा तेलाच्या हाताने बिघडत नाही. शौचालयात वुजू केला तर बिस्मिल्लाह मनातच म्हणा. पाणी नसेल किंवा पाण्याने अपाय होणार असेल तरच तयम्मुम (स्वच्छ मातीवर हात टेकवून चेहरा आणि हातांवर फिरवणं). "नळाचा आवाज होईल" एवढ्यासाठी तो चालत नाही, अशा वेळी पाण्याची बाटली खोलीत भरून ठेवा.

गुस्ल (सगळ्या अंगाची शुद्धी) नेहमीच्या आंघोळीत बसतो: चूळ, नाकात पाणी आणि केसांच्या मुळांपर्यंत सगळ्या अंगावर पाणी. मासिक पाळीत स्त्रीवर नमाज फर्ज नाही आणि त्या नमाजांची कजाही नाही. पाळी संपली की गुस्ल करून पुन्हा सुरू करायचं.

जागा आणि दिशा

जानमाज (नमाजेची चटई) हवीच असं नाही, आणि ती घरात ठेवणं म्हणजे पुरावा ठेवणं. जमीन स्वच्छ असली की पुरे. धुतलेली चादर, टॉवेल, उपरणं काहीही चालतं. लांबी सव्वा मीटर आणि रुंदी दोन फूट एवढी जागा लागते, पलंग आणि भिंत यांच्यामधली फट बहुधा तेवढी असते. पैगंबरांच्या पत्नी आयेशा (रजि.) सांगतात की त्या निजलेल्या असत आणि पैगंबर (सल्ल.) त्यांच्या पायांच्या दिशेने नमाज पढत. सजद्याच्या वेळी ते स्पर्श करत तेव्हा त्या पाय आखडून घेत. त्या काळी घरांत दिवेही नसत. जागा अडचणीची आणि खोली अंधारी असली म्हणून नमाज उणी होत नाही. दिवा न लावता पढा, दाराखालून उजेड दिसणार नाही.

शौचालय आणि न्हाणीघरात नमाज पढू नये, कडी लावता येत असली तरी. खोलीत मूर्ती किंवा तसबिरी असतील तर त्या थेट समोर येणार नाहीत असं उभं राहा. दिशेमुळे समोर येतच असतील तर मधे खुर्ची किंवा टांगलेला कपडा ठेवा. खरखरीत गालिच्यावर कपाळ टेकवलं तर त्याची नक्षी दहा-पंधरा मिनिटं कपाळावर उमटलेली राहते, म्हणून सजद्याच्या जागी गुळगुळीत कापड टाका. घराबाहेर रिकामा वर्ग, वाचनालयाचा मागचा कोपरा, जिन्याचा वरचा टप्पा, बाग अशा जागा पाहून ठेवा. कॅमेरा आहे का तेवढं बघा.

किब्ला (नमाजेत तोंड करायची, मक्केतल्या काबाची दिशा) एकदाच नीट शोधा आणि खोलीतल्या एखाद्या वस्तूवर, कपाटाच्या कडेवर किंवा खिडकीच्या गजावर, खूण धरा. फोनचं होकायंत्र लोखंडी कपाट, स्पीकर आणि चुंबकाचं कव्हर यांच्याजवळ हमखास चुकतं. खोलीच्या मध्यभागी उभं राहून फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवा, मग पाहा. सगळ्यांत बिनचूक पद्धत मात्र सूर्याची आहे. दरवर्षी 28 मेच्या सुमारास मक्केच्या घड्याळात 12:18 वाजता आणि 16 जुलैच्या सुमारास 12:27 वाजता सूर्य बरोबर काबाच्या डोक्यावर असतो. तेव्हा तुमच्याकडे ऊन असेल तर सूर्याकडे तोंड करणं म्हणजेच किब्ल्याकडे तोंड करणं. दिवस एक मागेपुढे झाला तरी फरक नगण्य. थोडंसं तिरपं उभं राहिलात तर बिघडत नाही, हनफी मतात दोन्ही बाजूंना 45 अंशांपर्यंत सूट आहे.

कपडे

पुरुषाला बेंबीपासून गुडघ्यापर्यंत झाकणं फर्ज, खांदेही झाकलेले असावेत. स्त्रीला चेहरा आणि तळहात सोडून सगळं अंग. पायांबद्दल मतभेद आहे, मोजे घातले की प्रश्न मिटतो. पूर्ण बाह्यांचा सैल झगा आणि मोठी शाल एवढ्यात भागतं, आणि दोन्ही वस्तू कोणाच्याही कपाटात खपून जातात. सजद्यात शाल सरकून केस दिसणं ही नेहमीची चूक, हनुवटीखाली एक पिन लावा.

प्रत्यक्ष नमाज, आवाज न करता

कोणती नमाज पढत आहात एवढी नियत मनात असली की झालं, बोलायची गरज नाही. हात उचलून अल्लाहु अकबर, हात बांधून फातिहा (कुरआनची पहिली सूरह) आणि एक छोटी सूरह. मग रुकूत सुब्हाना रब्बियल अजीम, उठताना समिअल्लाहु लिमन हमिदह, उभं राहून रब्बना लकल हम्द. सजदा सात अवयवांवर होतो: नाकासकट कपाळ, दोन तळहात, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटं. पाय जमिनीवरून उचलले जाणं ही नवीन माणसाची ठरलेली चूक आहे. सजद्यात सुब्हाना रब्बियल आला, मग बसायचं, पुन्हा सजदा. दुसऱ्या रकातीनंतर बसून अत्तहिय्यात (बैठकीत म्हणायचे ठरलेले शब्द). तीन-चार रकातींची नमाज असेल तर उठून पुढच्या रकातींत फक्त फातिहा. शेवटच्या बैठकीत अत्तहिय्यात आणि दरूद (पैगंबरांसाठीची दुआ), मग उजवीकडे आणि डावीकडे सलाम.

मनातल्या मनात वाचलेलं चालत नाही, जीभ आणि ओठ हलले पाहिजेत. हनफी मतात स्वतःच्या कानाला ऐकू येईल इतकी कुजबुज हवी, मालिकी मतात जीभ हलली तरी पुरे. फजर, मगरिब आणि इशा मोठ्याने पढतात ते इमामासाठी, एकट्याला कुजबुजणं मोकळं आहे. पंखा चालू ठेवा, कुजबुज त्यात विरते. आवाज खरा होतो तो गुडघ्यांचा. सजद्यात जाताना एक हात पलंगाच्या कडेला टेकवून हळू खाली जा. अशा अडचणीत हाताचा आधार चालतो.

फातिहा ऐकून पाठ करा, देवनागरीत लिहिलेली वाचून नाही. देवनागरीत अरबीचे निरनिराळे ह, क, स एकच होऊन जातात. दोन जागी विशेष जपा: "इय्याक"मधला य जोडून, दाबून म्हणायचा, आणि "अन्अम्त" हे "अन्अम्तु" होऊ द्यायचं नाही, कारण मग "तू कृपा केलीस"ऐवजी "मी कृपा केली" असं होतं. एका कानात इअरफोन लावून रोज एक आयत घ्या, सात आयतींना एक आठवडा. त्यानंतर कौसर (3 आयती) आणि इखलास (4 आयती) एवढ्यावर वर्षभर निभतं. फातिहा पाठ होईपर्यंत नमाज थांबवू नका. तिच्या जागी सुब्हानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, ला इलाह इल्लल्लाह, अल्लाहु अकबर म्हणा, कुरआन येत नसलेल्या माणसाला पैगंबरांनी (सल्ल.) असंच शिकवलं होतं.

कोणी आलं तर

पावलं वाजली, दार हललं आणि खरा धोका असेल तर नमाज तिथेच सोडा. सलाम फेरायची वाट पाहू नका. भीतीपोटी फर्ज नमाज तोडायला परवानगी आहे, ती नंतर पहिल्यापासून पढायची. काय सांगायचं हे आधी ठरवून ठेवा आणि ते खरं असू द्या. पाठ ताणण्याचे व्यायाम रोज खरोखर करत असाल तर "पाठ आखडली होती" यात खोटं काही उरत नाही. पलंगाखाली एखादी वस्तू खरोखरच ठेवून द्या, म्हणजे "ती काढायला वाकलो होतो" हेही खरं ठरेल. थेट विचारलं गेलं आणि मारहाणीची भीती असेल तर वर सांगितलेली 16:106 ची मुभा तुमच्यासाठीच आहे.

उभं राहणं शक्यच नसेल, म्हणजे गाडीत घरच्यांच्या मधे बसला आहात आणि वेळ संपते आहे, तर बसून, मान खाली झुकवून इशाऱ्याने पढा. रुकूला थोडं वाकायचं, सजद्याला त्याहून जास्त. अडथळा माणसांकडून असेल तर हनफी मताप्रमाणे अशी नमाज मोकळीक मिळाल्यावर पुन्हा पढावी. जुम्याला (शुक्रवारच्या सामूहिक नमाजेला) मशिदीत जाणं धोक्याचं असेल तर पुरुषावरही तो फर्ज राहत नाही, त्याऐवजी जुहरचे चार रकात.

ऑनलाइन भेटणाऱ्या माणसांबाबत सावध राहा. एकट्याला भेटायला बोलावणारा, पैसे मागणारा, लगेच लग्नाचं बोलणारा किंवा "आई-वडिलांना सोड" म्हणणारा, या प्रत्येकापासून दूर. शिर्क (अल्लाहच्या जोडीला दुसऱ्या कोणाची उपासना) करायला लावत असतील तर आई-वडिलांचं ते ऐकू नये, पण जगात त्यांच्याशी चांगलंच वागावं, असा कुरआनचा स्पष्ट हुकूम आहे (31:15). विश्वासाचं एक माणूस असू द्या, ज्याला तुम्ही कुठे आहात हे ठाऊक असेल. मारहाण होण्याची शक्यता असेल तर ओळखपत्रं, थोडे पैसे आणि जरुरीचे फोन नंबर घराबाहेर ठेवलेले बरे.

सुटलेल्या नमाजा

इस्लाम स्वीकारण्याआधीच्या नमाजांचं काहीही देणं नाही. नंतरची एखादी झोपेत किंवा विसरून गेली तर आठवेल तेव्हा लगेच पढा, तिचा गुन्हा नाही. भीतीने राहिली असेल तर तीही कजा करा. हनफी मतात सुटलेल्या नमाजा सहापेक्षा कमी असतील तर क्रम पाळावा लागतो: फजर राहिली असेल तर आधी ती, मग जुहर. चालू नमाजेचा वेळच संपत आला असेल तर मात्र आधी ती. हिशेब नावं न लिहिता ठेवा. वहीच्या शेवटच्या पानावर पाच उभ्या रेघा ओढा, सुटली की त्या रेघेवर ठिपका द्या, पढली की ठिपक्यावर फुली मारा.